वावर बटईचं, पीक आपलं

मागच्या दिवाळीनंतर आर्णी तालुक्यातला एक मुलगा घरी आला. बी.ए. झालेला, घरी पाच एकर वावर, कापसाची पहिली वेचणी विकून हातात थोडे पैसे आलेले. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "भाऊ, यूट्यूब चॅनल काढाचं हाये. कॅमेरा कोनता घेऊ?"

मी म्हटलं, "चॅनलवर सांगणार काय?"

तो जरा थांबला. "ते पाहू ना मंग. आधी कॅमेरा तं येऊ द्या."

असं बोलणं मी यवतमाळच्या दत्त चौकात ऐकलं आहे, पुसदच्या एसटीत ऐकलं आहे आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. विचारणारी मुलं हुशार असतात, कष्टाला मागं हटणारी नसतात. नोकऱ्या नाहीत, कापसाच्या भावाचा भरवसा नाही आणि हातातल्या फोनवर आपल्यासारखाच कुणीतरी लाखो लोकांपर्यंत पोचलेला दिसतो. आपणही हे करावं असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काही नाही. पण पेरणीच्या आधी आपण जमीन पाहतो, पाण्याचा अंदाज घेतो, बियाण्याचा खर्च काढतो. तेवढा हिशेब इथंही मांडायला हवा, आणि तो कॅमेरा घेण्याच्या आधी मांडायला हवा.

यूट्यूबचा व्यवहार आपल्याकडच्या माणसाला समजवायला फार सोपा आहे. ती बटई आहे. वावर त्यांचं, राबणारे आपण. साध्या लांब व्हिडिओवर लागणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. इन्स्टाग्रामवर रीलसाठी असा ठरलेला वाटाही नाही. तिथली कमाई मुख्यतः दुकानांच्या आणि ब्रँडच्या जाहिरातींवर चालते.

पण बटईचा करार होण्याआधी एक धुरा ओलांडावा लागतो. जाहिरातींचा वाटा सुरू व्हायला चॅनलचे किमान १,००० सबस्क्रायबर लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ते व्हिडिओ ४,००० तास पाहिलेले लागतात. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये मिळालेले व्ह्यूज त्या ४,००० तासांत धरत नाहीत, हे अनेकांना सहा महिने घासल्यावर कळतं. आता ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. तुमचा आठ मिनिटांचा व्हिडिओ माणूस सरासरी चार मिनिटं पाहत असेल, तर ६० हजार वेळा तो उघडला गेला पाहिजे, वर्षाच्या आत. आठवड्याला एक धरला तर वर्षात ५२ व्हिडिओ, म्हणजे प्रत्येकाला साधारण साडेअकराशे प्रेक्षक. आकडा अशक्य नाही. पण पहिल्या व्हिडिओला ४० जण येतात, त्यातले १५ घरचे असतात.

त्यानंतरही पैसा लगेच खिशात येत नाही. खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी घरी टपालानं एक पिन येतो. गावाकडे पत्ता म्हणजे 'मु. पो.' आणि तालुका. पिनकोड चुकला की ते पाकीट फिरत राहतं. १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत वळती होत नाही. वय १८ च्या आत असेल तर खातं आईवडिलांच्या नावे जोडावं लागतं. दरही एकसारखा नसतो. प्रेक्षक कुठला आहे, विषय कोणता आहे, त्या दिवसांत जाहिरातदार किती खर्च करताहेत यावर तो हलतो. दसरा-दिवाळीत चढतो, जानेवारीत पडतो. कापसाचा भाव पाहणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चात चॅनलची कमाई शून्य धरावी. हातातलं काम सोडू नये. त्या मुलाच्या वडिलांनी त्याला एकच विचारलं होतं, "किती दिवस?" मला तो प्रश्न फार शहाणपणाचा वाटला. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. चॅनललाही असंच एक साल द्यावं : या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, आठवड्याचे इतके तास, इतकेच पैसे. मुदत घरात बोलून ठरली की बापाचा जीव टांगणीला लागत नाही आणि पोराच्या मागं रोजचं टुमणंही राहत नाही.

वावर दुसऱ्याचं असण्याचा खरा अर्थ २९ जून २०२० ला कळला. त्या दिवशी केंद्र सरकारनं टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ज्यांनी दोन-तीन वर्षं घालून लाखोंचे चाहते जमवले होते, त्यांची ओळख एका रात्रीत गेली. पुढच्या तीन महिन्यांत इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स भारतात आले, पण जुने चाहते काही त्यांच्याबरोबर चालत आले नाहीत. ज्यांच्याकडे व्हिडिओच्या मूळ फाइली होत्या त्यांना निदान नव्या जागी मांडायला काही होतं. ज्यांनी सगळं अ‍ॅपमध्येच ठेवलं होतं त्यांना पाटी कोरी करावी लागली. प्रत्येक व्हिडिओची मूळ प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवा. त्या वस्तूपेक्षा मोलाची खरेदी या धंद्यात नाही.

दुसरी गोष्ट कुलपाची. नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे चॅनल तुम्ही पाहिलं असेल. वय सत्तरीचं, शाळेचं तोंड न पाहिलेलं, हाताला मात्र पिढ्यांची चव. नातवानं फोन धरला आणि २०२० मध्ये आजींच्या पाककृती घराघरांत पोचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचं चॅनल हॅक झालं. धावपळ करून काही दिवसांनी ते परत मिळालं, पण ते दिवस त्या घरानं कसे काढले असतील? बहुतेक वेळा चोर जाहिरातीचा प्रस्ताव म्हणून ईमेल पाठवतो, त्यातली फाइल उघडली की खातं त्याच्या हाती जातं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्या दिवशी लावा, चॅनलचा ईमेल वेगळा ठेवा, आणि अनोळखी ब्रँडची फाइल उघडण्याआधी दहादा विचार करा.

पण या आजींची गोष्ट मला वेगळ्या कारणासाठीही सांगायची आहे. कॅमेरा येण्याआधी त्यांच्याकडे पन्नास वर्षांचा स्वयंपाक होता. आपल्या शेजारच्या वर्ध्यात नितेश कराळे यांनी स्पर्धा परीक्षेचे वर्ग वऱ्हाडीत घेतले आणि टाळेबंदीत त्यांचे व्हिडिओ राज्यभर गेले. लोकांना वाटतं, ते बोलीमुळे गाजले. बोलीमुळे लोक थांबले, हे खरं. पण फळ्यासमोर उभं राहून पोरांना शिकवण्यात त्यांची वर्षं आधीच गेलेली होती. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये पाककृतींचं चॅनल सुरू केलं, तेव्हा मराठी स्वयंपाक यूट्यूबवर शोधणारं फारसं कुणी नव्हतं. नाव व्हायला त्यानंतर कितीतरी वर्षं लागली. या तिघांचंही पीक स्वतःचं होतं. वावर बटईचं असलं तरी बियाणं घरचं होतं.

आता यवतमाळच्या पोरापोरींकडे घरचं बियाणं काय आहे, हे कुणी बसून पाहतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबई-पुण्याचे कॅफे, तिथले विनोद, तिथली नक्कल करण्यात त्यांचा दम जातो. इथं सोळा तालुक्यांत वऱ्हाडी आहे, बंजारा तांड्यांवरची गोरमाटी आहे, केळापूर-झरी-मारेगावकडे कोलामी आणि गोंडी आहे. यातल्या एकेका भाषेत रोजचं बोलणं, गाणी, औषधी झाडांची नावं, सणांच्या पद्धती नीट मांडणारं काम करायला आयुष्य पुरणार नाही. वणीचा कोळसा आहे, टिपेश्वरचं जंगल आहे, कळंबचा चिंतामणी आहे.

आणि शकुंतला आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर धावायची ही नॅरोगेज गाडी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीनं टाकलेली ही वाट. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी हिची मालकी खासगीच राहिली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. या गाडीवर बातम्या भरपूर झाल्या. पण दारव्ह्याच्या स्टेशनात पाणी भरणारा माणूस दिवसभर काय करत असे, इंजिनात कोळसा किती लागे, गार्डच तिकीट कसा फाडत असे, हे त्या माणसांच्या तोंडून सलगपणे कुणी नोंदवलेलं माझ्या पाहण्यात नाही. हा विषय न्यूयॉर्कमधला रेल्वेवेडाही पाहील आणि कारंज्याची आजीही पाहील.

साहित्याबद्दल थोडक्यात. कॅमेरा लागत नाही, लागतो आवाज. त्या मुलाबरोबर मी जानेवारीत त्याच्या वावरात गेलो होतो. फरदडीच्या पऱ्हाटीत उभं राहून त्यानं दोन मिनिटं छान बोलून दाखवलं. परत ऐकलं तर माइकमध्ये वारा असा भरलेला, जणू टिनावर गारा पडताहेत. एक शब्द कळेना. मग त्यानं इअरफोनच्या माइकला दुपट्ट्याचं टोक सैलसर गुंडाळलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि पऱ्हाटीच्या दोन ओळींत खाली बसून तेच पुन्हा बोलला. आवाज स्वच्छ आला. मागं लांब कुठंतरी बैलाची घंटीही आली. खर्च शून्य. त्या दोन मिनिटांसाठी सकाळी सातचं ऊन गाठणं, तीनदा बोलणं, रात्री फोनवर कापाकापी, वर नाव, चित्र, वर्णन असा त्याचा सगळा दिवस गेला. एका व्हिडिओला एक दिवस लागतो, हे धरूनच आठवड्याचं गणित बसवावं.

इथून पुढचं जरा थांबून वाचा, कारण मला या लेखात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे आहे.

१९१८ मध्ये बापूजी अणे यांनी यवतमाळातून 'लोकमत' साप्ताहिक काढलं. त्या काळी छापखाना लागे, कागद लागे, आणि अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावं लागे. चुकीचं छापलं तर कुणाचा दरवाजा ठोठवायचा हे लोकांना ठाऊक असे. आता संपादक, मुद्रक आणि प्रकाशक तिघेही तुम्हीच आहात. तुमचा व्हिडिओ लोकांत जाण्याआधी त्यावरून दुसरी नजर फिरत नाही.

२०१७ चा खरीप आठवा. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती. किडीला आवर घालायला दोन-तीन औषधं मिसळून फवारणी चालली होती. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, अंगावर दमट कपडे. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांची रीघ लागली आणि जिल्ह्यात २०हून अधिक माणसं गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधलेली, खाटेला हात-पाय बांधलेली माणसं विसरता येत नाहीत.

आज त्याच जिल्ह्यात एखादा पोरगा फोनसमोर उभा राहून सांगतो, "हे अन् हे मिसळा, अळी साफ." त्याला अनुभव आला असेल, हेतूही चांगला असेल. पण पाहणाऱ्याच्या वावरात पऱ्हाटी किती उंच आहे, वारा कुठून आहे, त्याच्याकडे मास्क आहे का, हे व्हिडिओ करणाऱ्याला दिसत नाही. शेतीचं चॅनल काढणार असाल तर एक नियम स्वतःला घालून घ्या : औषधाचं नाव आणि प्रमाण हे लेबलवरचं किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलंच सांगायचं, आणि फवारणीचं चित्रीकरण मास्क-मोजे घातल्याशिवाय करायचं नाही. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. तेवढ्यावर एक व्हिडिओ केलात तरी तो एखाद्या घराच्या कामी येईल.

ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत एका २४ वर्षांच्या कारागिराचा, स्वतःच्या हातांनी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पंख्याचं पातं लागून मृत्यू झाला. शिक्षण अर्धवट राहिलेलं. पत्र्याच्या कामात तरबेज. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून शिकलेला. त्याच्या बुद्धीला आणि जिद्दीला माझा सलाम आहे. त्याच्यासारखी जिद्द या जिल्ह्यात घरोघरी आहे. म्हणूनच 'घरच्या घरी करून पाहा' म्हणताना बोलणाऱ्याचा आवाज जरा कापायला हवा. समोरचा खरोखर करून पाहतो.

दुसऱ्याच्या दुःखाचं तसंच. यवतमाळचं नाव देशभर शेतकरी आत्महत्यांमुळे पोचलं आणि त्यानंतर कॅमेरे येत राहिले. एका घरात किती वेळा तोच प्रश्न, तेच रडणं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकऱ्याची विधवा म्हणून त्या स्वतःच्या शब्दांत बोलल्या आणि मांडव स्तब्ध झाला. तिथं कुणी त्यांच्या वतीनं बोलत नव्हतं. गावात कुणाच्या घरी कॅमेरा घेऊन जाणार असाल तर आधी कॅमेऱ्याविना जा, विचारा, आणि त्यांनी नंतर 'काढून टाका' म्हटलं तर वाद न घालता काढा. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांची ओळख उघड करणं पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे. 'न्यायासाठी' म्हणून फोटो फिरवणाऱ्यालाही तो लागू होतो. आणि टिपेश्वरच्या कडेला वाघ दिसला तर जागेच्या नावासह लगेच टाकू नका. गर्दी होते, वाघ बिथरतो, आणि धोका शेवटी रात्री ओलिताला जाणाऱ्या माणसाला होतो.

जाहिरातींचे नियम थोडेच आहेत, पण कडक आहेत. पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन काही दाखवलं, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचे प्रस्ताव छोट्या चॅनलवाल्यांना फार येत आणि रक्कमही मोठी असे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं हे खेळही बंद झाले आणि त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. कायदा नसता तरी हे घेऊ नये. असल्या खेळात शेतमजुराची हप्त्याभराची मजुरी एका रात्रीत जाते. गाण्यांचंही लक्षात ठेवा : लग्नातलं डीजेचं गाणं मागं वाजत राहिलं तर व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकते, आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनलच बंद होतं. उत्पन्न सुरू झालं की ते विवरणपत्रात दाखवायचं. तालुक्याच्या गावातल्या सीएला पहिल्याच वर्षी भेटलेलं बरं.

मनाची तयारी मात्र कुणी करून देत नाही. कमेंटमध्ये बोलीची टिंगल होते, रंगाची होते, जातीची होते. मुलींच्या वाट्याला तर असं काही येतं की ते इथं लिहवत नाही. बहीण किंवा मुलगी चॅनल काढत असेल तर कमेंट वाचायचं काम पहिले काही महिने घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, घाण असेल ती पुसावी, धमकी असेल तर स्क्रीनशॉट काढून १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिस ठाण्यात सांगावं. 'चॅनल बंद कर' हे उत्तर देऊ नये. गुन्हा लिहिणाऱ्यानं केलेला असतो.

तो आर्णीचा मुलगा अजून फोनवरच काम करतो आहे. कॅमेऱ्याचे पैसे त्यानं विहिरीच्या मोटरीला लावले. आतापर्यंत त्याचे नऊ व्हिडिओ झाले. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला त्याच्या आज्याचा आहे. आजा त्यात सरकीचं बी शेणात घोळून पेरायची जुनी रीत सांगतो, मधेच खोकतो, मधेच नातवाला दटावतो. सहाशे लोकांनी पाहिला. त्यातल्या एकानं झरीवरून लिहिलं की आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे. मुलानं त्याला फोन केला, आणि पुढचा व्हिडिओ त्या शब्दावर होणार आहे.

शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनावर काम केलेली माणसं आता उतारवयात आहेत. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या वाटेवर त्यांची घरं आहेत आणि दर वर्षी त्यातली एखादी व्यक्ती कमी होते. ज्याला यवतमाळातून चॅनल काढायचं आहे आणि विषय सुचत नाही, त्यानं या हिवाळ्यात फोन चार्ज करावा, माइकला दुपट्टा गुंडाळावा आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं.